सगळं प्रेम एकाच मापाने मोजू नका

महोदय,

प्रेमाविषयी लिहिताना सगळं एकाच पोत्यात भरलं जातं. मराठीत शब्द वेगळे आहेत, ते उगीच नाहीत. लळा रोजच्या सहवासाने लागतो. स्वभाव जुळायलाच हवेत असं नाही. वात्सल्य परतफेड मागत नाही. मैत्रीला मात्र दोन्ही बाजू लागतात, आणि वेळही. जेफ्री हॉल या अमेरिकी संशोधकाच्या २०१८च्या अभ्यासात ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, तर जिवलग मैत्रीला २००हून अधिक तास लागल्याचं दिसलं. शेजारच्या टेबलावर बसून काम केलेले तास त्यात फारसे कामी येत नाहीत. गप्पा, टवाळक्या, भटकणं हेच खरं.

प्रणयाचं गणित निराळं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी १९८६मध्ये जवळीक, ओढ आणि बांधिलकी असे तीन घटक मांडले. ओढ झटकन चढते आणि ओसरतेही. जवळीक सावकाश मुरते. घोळ इथेच होतो. ओढ ओसरली की लोक ‘प्रेम आटलं’ म्हणून मोकळे होतात (घाईच ती!), खरं तर उरलेले दोन घटक शाबूत असू शकतात. उलट नुसती बांधिलकी उरली, तर स्टर्नबर्ग त्याला ‘रिकामं प्रेम’ म्हणतात. दोघांचं बोलणं बिलं, मुलं आणि ‘किती वाजता येणार?’ एवढ्यावर आलं, की तिकडे लक्ष द्यावं.

— एक वाचक