ओढू नका, उचला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी 31 वर्षे बँकेत कॅशला बसलो. ओल्या स्पंजची डबी हाताशी नसली की नोटा मोजायला हात चालायचा नाही. कोरडं बोट नोटेवरून घसरतं, दमट झालं की धरतं. आता सत्तरी उलटली, बोटांना घामच कमी. भाजीवाल्याकडची प्लॅस्टिकची पिशवी फुंकर मारूनही उघडत नाही.

इतकं ठाऊक असून घरात चुकलो. गेल्या ऑक्टोबरात अर्धांगवायूनंतर पत्नीला घरी आणलं. गादीवर मेणकापड, वर चादर, त्यात तो उकाडा. पाठ कायम घामेजलेली. ती पायथ्याकडे घसरली की मी काखेत हात घालून तिला उशीकडे ओढायचो. नवव्या दिवशी माकडहाडाजवळ रुपयाएवढी कातडी सोललेली दिसली.

ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरनी कारण सांगितलं. दमट कातडीचं घर्षण कोरडीच्या दुप्पट, कधी चौपटही होतं. कातडी चादरीला चिकटून जागीच राहते, आतलं हाड मात्र पुढे सरकतं. शिवाय शरीरभर घर्षण सारखं नसतं: कपाळावर बोट अडखळतं, पोटावर सहज सरकतं. (मी लगेच करून पाहिलं. खरं आहे.) मला वाटायचं, म्हातारी कातडी सुरकुतलेली म्हणून जास्त घासत असेल. त्या म्हणाल्या, "तसं नाही काका. वयानं घासणं फारसं वाढत नाही, सोसणं कमी होतं." उतारवयात कातडीच्या थरांची एकमेकांवरची पकड सैल होते, म्हणून ती सोलते. मी पावडरचा अर्धा डबा ओतला होता, त्याचा घामात लगदा झाला होता.

आता चादरीची चौपदरी घडी तिच्या खांद्यांपासून मांड्यांपर्यंत असते. मी एका बाजूला, मुलगा दुसऱ्या. कडा धरून उचलतो, मग सरकवतो. दर दोन तासांनी कूस बदलतो. ओल रगडून न पुसता टिपून घेतो.

डिस्चार्जच्या दिवशी रुग्णालयात आम्हाला गोळ्यांचा तक्ता समजावला, बिल तर दोनदा. कूस कशी वळवायची, हे कोणी दाखवलं नाही. सगळ्याच रुग्णालयांनी घरी सोडण्याआधी नातेवाइकांकडून रुग्णाला एकदा त्याच खाटेवर उचलून घ्यावं. दहा मिनिटांचं काम आहे. आमची जखम भरायला सात आठवडे लागले.

आपला,
एक निवृत्त रोखपाल, मिरज