‘स्पेअर पार्ट्स’ बघा, आणि पेटी बुडवून बघा

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या पाण्याखालच्या यंत्राचा सांगाडा उभा राहिला आहे, तर मोटारी बसवण्याआधी सगळ्यांनी मिळून ‘स्पेअर पार्ट्स’ बघा. चित्रपट २०१५ चा, गोष्ट २००४ मध्ये खरोखर घडलेली. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सचं कार्ल हेडन हायस्कूल, मेक्सिकोहून आलेल्या गरीब घरांतली चार मुलं: क्रिस्टियन, लोरेंझो, ऑस्कर आणि लुईस. सांता बार्बराला भरलेल्या पाण्याखालच्या यंत्रांच्या स्पर्धेत ती मुद्दाम कॉलेजांच्या गटात उतरली आणि अमेरिकेतल्या नामांकित एमआयटी विद्यापीठाला मागे टाकून पहिली आली. चित्रपटात जॉर्ज लोपेझ या नटाने केलेला शिक्षक मात्र खऱ्यातला कुणी एक नाही. फ्रेडी लाजवर्दी आणि अ‍ॅलन कॅमेरॉन या दोघा खऱ्या शिक्षकांचा मिळून तो केला आहे.

त्यांचं यंत्र नीट बघ. साधे पीव्हीसी पाइप. बंद पाइपात कोंडलेली हवाच यंत्राला तरंगतं ठेवते. एक लिटर पाणी बाजूला सारलं की साधारण एक किलो वजन पेललं जातं, त्या हिशोबाने पाइपाची लांबी ठरवा. हवा वर, जड वस्तू खाली. उलटं झालं तर यंत्र पाण्यात कलंडतं.

वीज वरून सोडायची तर केबल जाड लागते, कारण लांब बारीक तारेत व्होल्टेज पडतं. आणि जाड केबल यंत्राला मागे ओढते. या मुलांनी बॅटरी यंत्रावरच, बंद पेटीत ठेवली. केबल बारीक राहिली, पण पेटीत पाणी शिरलं की खेळ खलास. आणि ऐन स्पर्धेच्या ठिकाणी ते शिरलंच. त्यांनी पेटीत पाळीच्या वेळी वापरायचे टॅम्पॉन कोंबले. थिएटरात लोक इथे हसतात, पण उपाय अगदी चोख आहे: थोडक्या जागेत भरपूर पाणी धरून ठेवणारी, कुठल्याही दुकानात मिळणारी वस्तू. मला हा प्रसंग बक्षीस समारंभापेक्षा मोठा वाटतो.

तुम्ही मात्र तिथवर वेळ येऊ देऊ नका. आधी रिकामी पेटी, आत कोरडा टिशू पेपर, वर वजन. जेवढं खोल जायचं तेवढ्या पाण्यात अर्धा तास. टिशू ओला निघाला तर आधी झाकणाच्या रबरावर केस किंवा वाळूचा कण अडकलाय का ते बघा. नाहीतर तार जिथून बाहेर येते ते भोक. एक चोरवाट कुणाच्या लक्षातच येत नाही: अनेक पदरी तारेचं बाहेरचं टोक उघडं असलं, तर पाणी आवरणाच्या आतून झिरपत थेट पेटीत येतं. म्हणून भोकाजवळ थोडं आवरण सोलून तो उघडा भाग इपॉक्सीत (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदात) बुडवा आणि पूर्ण वाळू द्या.

चित्रपट संपल्यावर पुढचंही वाच. २००६ मध्ये अ‍ॅरिझोनात कायदा झाला आणि देशात राहण्याची कागदपत्रं नसलेल्या विद्यार्थ्यांना राज्याबाहेरच्यांएवढी चढी फी लागू झाली. क्रिस्टियनकडे ती कागदपत्रं नव्हती, त्याला विद्यापीठ सोडावं लागलं. ऑस्करकडेही नव्हती; तो २००९ मध्ये इंजिनिअर झाला, कायदेशीर परतता यावं म्हणून स्वतःहून मेक्सिकोला गेला, आणि त्याच्यावर अमेरिकेत परतायला दहा वर्षांची बंदी आली. ती २०१० मध्ये उठली; पुढे तो अमेरिकेच्याच सैन्यात भरती झाला. इतकी हुशार पोरं, आणि त्यांची वाट कागदाने अडवावी, याचा मला फार राग येतो. तुझ्या मित्रांशी यावर बोल.

पेटीला भोक पाडण्याआधी तारा कुठून काढताय त्याचा फोटो पाठव. पेटीला शक्यतो एकच भोक ठेवा.

तुझा,
बाबा