चि. मुक्तास: अ‍ॅक्सिलरेटर जड का लागतो

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

बदललेलं इंजिन बसलं आणि सुरूही झालं, हे वाचून फार बरं वाटलं. अ‍ॅक्सिलरेटर जड लागतोय म्हणून लगेच नवी केबल मागवू नकोस आणि आहे तिच्यात तेलही सोडू नकोस. आधी एवढंच बघ: इंजिन बंद असताना पेडल तळापर्यंत दाबून पाय एकदम काढलास, तर ते झटकन वर येतं का? येत असेल तर जडपणा हा नुसता त्रास आहे. रेंगाळत येत असेल किंवा मध्येच अडत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची नाही.

दोष तीनच ठिकाणी असू शकतो: पेडल, केबल, नाहीतर इंजिनाकडचा बटरफ्लाय (हवेची वाट उघडणारी-मिटणारी चकती) आणि त्याची लिव्हर. हे तीन भाग वेगळे कर. इंजिन गार झाल्यावर केबल लिव्हरवरून सोडव आणि सामान तोलायचा हुकाचा काटा लिव्हरच्या भोकात अडकवून ओढ. बटरफ्लाय उघडायला किती किलो लागतात ते लिहून ठेव. मग केबल पुन्हा लिव्हरला जोड, पेडलकडचं टोक सोडव आणि तिथून तीच ओढ मोज. दोन आकड्यांतला फरक म्हणजे केबलचं घर्षण. शेवटी सुटं पेडल हाताने हलवून बघ. बहुधा ते ठीक निघेल. नसेल तर पेडल ज्या खिळीवर फिरतं तिची बुश कोरडी असते किंवा गालिचा दांड्याला अडतो.

आता केबल. लिव्हरशी २ किलो आणि पेडलकडे ५ किलो, असा फरक आला तर दोष केबलचाच. इंजिन बदललं की कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, बटरफ्लाय त्यातच असतो) नव्या जागी जातो आणि जुनी केबल वेडीवाकडी वळवून तिथे पोचवली जाते. घर्षण वाढतं ते सगळ्या वळणांच्या अंशांची बेरीज होऊन. उजवीकडे ६० आणि डावीकडे ६० म्हणजे शून्य नव्हे, १२०. आत प्लास्टिकचं अस्तर असलेल्या चांगल्या केबलचा घर्षणांक ०.१ धरला, तर १८० अंशांच्या वळणातून २ किलोची ओढ साधारण २.७ किलो होते. अस्तर नसलेल्या कोरड्या केबलला ०.३ धरला, तर तीच ओढ ५ किलोच्या वर जाते. हेच घर्षण पेडल परत येतानाही आडवं येतं. स्प्रिंग २ किलोने ओढत असली तरी पेडलपर्यंत पाऊण किलोच पोचतं, म्हणून पेडल रेंगाळतं. वळण मोठ्या गोलाईचं केलंस तर अस्तर कापलं जात नाही, पण घर्षण खरं कमी होतं ते एकूण अंश कमी केल्यावरच. त्यासाठी केबल लांब किंवा आखूड घ्यावी लागली, नाहीतर फायरवॉलमधलं (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्यातलं) भोक हलवावं लागलं, तरी ते कर.

फायरवॉलपाशी आणि कार्ब्युरेटरच्या ब्रॅकेटपाशी इनर, म्हणजे आतली तार, आऊटरमधून, म्हणजे बाहेरच्या नळीतून, अगदी सरळ बाहेर पडली पाहिजे. तिरकी पडत असेल तर ती कडेला घासते, एकेक तार तुटते आणि तुटलेली तार आत अडकते. तार उसवलेली दिसली तर ती केबल टाकून दे. तेल अस्तर नसलेल्या केबललाच, तेही पातळ. अस्तराच्या केबलमध्ये ग्रीस घातलं की धूळ धरते आणि हळूहळू ती आधीपेक्षा जड होते.

नवी केबल घालण्याआधी अर्थची पट्टी नक्की तपास. इंजिन बदलताना ब्लॉक (इंजिनाचा मुख्य धातूचा भाग) आणि बॉडी यांमधली पट्टी जोडायची राहून जाते, नाहीतर रंगावरच बोल्ट कसला जातो. मग स्टार्टरचा प्रवाह परतीची वाट शोधतो आणि ती त्याला अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून सापडते. केबल तापते, अस्तर वितळून इनरला चिकटतं. लोक केबलमागून केबल बदलत राहतात, कारण मूळ दोष तिच्यात नसतोच. इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची वायर काढ, मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेव, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरं ब्लॉकच्या उघड्या धातूवर धर. कोणाला तरी सेल्फ मारायला सांग. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक, ०.५ च्या वर गेलं तर पट्टी बघ. एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळून गेलेल्या केबलचंही अस्तर असंच वितळतं. गार असताना हलकी आणि गरम झाल्यावर जड, ही तिची खूण.

लिव्हरच जड निघाली तर स्प्रिंगा मोज. नव्या कार्ब्युरेटरला स्वतःची स्प्रिंग असते, त्यावर जुन्या इंजिनाचीही लावली जाते आणि पेडलला तिसरीही असू शकते. जादाची काढ, पण बटरफ्लायच्या शाफ्टवर एकमेकींवर अवलंबून नसलेल्या दोन स्प्रिंगा राहिल्याच पाहिजेत. एक तुटली तर दुसरीने बटरफ्लाय बंद केला पाहिजे. हलकं पेडल हवं म्हणून यात तडजोड नको.

पहिले काही मिलिमीटर अडतं आणि मग एकदम सुटतं, असं असेल तर बटरफ्लायची कड बोअरमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या नळीत, रुतते आहे. काजळी साफ कर. बटरफ्लायला पूर्ण मिटू न देणारा स्टॉप स्क्रू पूर्ण मागे गेला असेल तर तो लिव्हरला टेकेपर्यंत आत घे, वर अर्धा फेरा दे आणि मग आयडल (पेडल न दाबता इंजिन फिरतं तो वेग) बसव. कार्ब्युरेटरचे नट अर्धा फेरा सैल केल्यावर लिव्हर मोकळी झाली, तर जास्त कसल्यामुळे तळ वाकून शाफ्ट धरला गेला होता. इंजिन बंद असताना हलकी आणि आयडलवर जड, तर शाफ्टच्या बुश झिजल्यात. इनटेक मॅनिफोल्डमधली (हवा इंजिनात नेणाऱ्या नळीतली) निर्वात पोकळी बटरफ्लायला ओढून शाफ्ट बुशवर दाबते. वेबर ३२/३६ सारख्या कार्ब्युरेटरला मात्र दुसरा बॅरल (हवेची दुसरी नळी) उघडू लागतो तिथे पेडल थोडं जड लागणारच. तो दोष नाही.

सगळं मोकळं असूनही जड वाटत असेल तर लिव्हरची लांबी मोज. जुनी लिव्हर २५ मिमी होती असं धर. ८० अंश फिरायला तिला साधारण ३२ मिमी केबल ओढावी लागते. नवी २० मिमी असेल तर २६ मिमीच पुरतात, पण स्प्रिंग तेवढीच असली तरी ओढ २ ची अडीच किलो होते आणि पेडल तळाशी जायच्या आधीच बटरफ्लाय पूर्ण उघडतो. पेडलवर खिळीपासून पाय २०० मिमीवर आणि केबल ८० मिमीवर असेल, तर केबलचं नवं भोक ६५ मिमीवर पाड. चाल बरोबर जुळते आणि पायावरचा जोर पुन्हा पहिल्याइतका, ०.८ किलोच्या आसपास येतो. शिवाय बटरफ्लाय अर्धा उघडला असताना केबल लिव्हरशी काटकोनात असू दे. काटकोनापासून ६० अंश कलली की तिथे ओढ दुप्पट लागते.

जोडताना आयडलवर इनरला १ ते २ मिमी ढील ठेव, कारण इंजिन आपल्या माउंटिंगवर हलतं. पेडलखाली स्टॉप लाव, म्हणजे पूर्ण दाबल्यावर पायाचा भार केबलवर न येता स्टॉपवर येईल. एअर फिल्टर बसवून पुन्हा तपास, त्याचा तळ लिव्हरला घासतो का ते बघ.

काट्याचे दोन्ही आकडे, लिव्हरची लांबी आणि फायरवॉलपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या केबलचा वरून काढलेला फोटो पाठव. वळणांची बेरीज इथे बसून करते.

तुझी,
आई