तारीख कोणी दिली, ते आधी विचार

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू हल्ली दोन मिनिटांच्या वर बोलत नाहीस, आणि त्या दोन मिनिटांतही मागे लॅपटॉपची टकटक चालूच असते. म्हणून लिहायला बसले. तू तुटक तुटक सांगितलंस ते सगळं मी जोडून पाहिलं. रिलीज महिनाअखेरीला, तारीख सेल्सवाल्यांनी क्लायंटला परस्पर देऊन टाकलेली. टेस्टिंग सर्व्हर दिवसाआड बंद. जो बग तुझ्या मशीनवर दिसत नाही तो तिथे मात्र हमखास येतो. आणि काम निम्मं झाल्यावर क्लायंटने पेमेंटचा स्क्रीनच बदलायला सांगितला. हे सगळं मी ऐकून घेतलं असतं. पण शेवटी तू म्हणालीस, 'मला कोडिंग जमतच नाही बहुतेक.' ते मला लागलं.

तुला कोडिंग जमतं. पंचवीस वर्षं हेच काम केलेली बाई म्हणून सांगते आहे, आई म्हणून नंतर. आपल्या कामातला त्रास टाइप करण्यात नसतो, शोधण्यात असतो. एखादी चूक दहा मिनिटांत सापडेल की दोन दिवस खाईल, हे ती सापडेपर्यंत कुणालाच सांगता येत नाही. तुलाही नाही, तुझ्या मॅनेजरलाही नाही. वेळ भरपूर असेल तेव्हा हे अंगावर येत नाही. तारीख डोक्यावर बसली की शोधण्यात गेलेला प्रत्येक तास वाया गेल्यासारखा वाटतो, आणि दर दोन तासांनी कुणीतरी 'किती झालं?' विचारायला येतं. तू 'नव्वद टक्के' म्हणतेस, कारण दुसरं उत्तर कुणाला ऐकायचंच नसतं. मग उरलेल्या दहा टक्क्यांत आठवडा गेला की दोष तुझा ठरतो.

त्यात पुन्हा ते 'पाच मिनिटांचे' कॉल. हा आकडा कुठून येतो, ती अट कधी खोटी ठरते, तिसऱ्या फाइलमध्ये आपण काय बदललं, हे सगळं एकाच वेळी डोक्यात धरून बसलेलं असताना कुणी हाक मारली की ते सांडतं. पुन्हा गोळा करायला अर्धा तास लागतो. हे दुबळेपण नाही. मेंदू असाच चालतो. तेव्हा दिवसातले निदान तीन तास कॉल न घेण्याचे मागून घे आणि ते रोजच्या स्टँडअप मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांग.

तू दहावीत होतीस तेव्हाचा जून तुला आठवत असेल. मी रोज उशिरा यायचे आणि बाबा पोळ्या करायचे. जीएसटी 1 जुलै 2017 पासून लागू होणार होता. दर ठरवणारी जीएसटी कौन्सिलची मोठी बैठक श्रीनगरला झाली ती 18 आणि 19 मेला. म्हणजे आमच्या हातात जेमतेम सहा आठवडे, आणि त्यातही काही दर जूनमध्ये पुन्हा बदलले. आमच्या छोट्या कंपनीचं बिलिंग सॉफ्टवेअर सांगली, मिरज, जयसिंगपूर भागातले घाऊक व्यापारी वापरायचे. व्हॅट जाणार, केंद्रीय विक्रीकर जाणार, बिलावर एचएसएन कोड, म्हणजे मालाच्या प्रकाराचा ठरलेला क्रमांक, येणार, कराचे केंद्र आणि राज्य असे दोन भाग होणार. आपले व्यापारी तर निपाणी, अथणी, बेळगावलाही माल पाठवतात. राज्याची हद्द ओलांडली की दोन भागांऐवजी एकच आयजीएसटी. माल तोच, दर तोच, बिल मात्र वेगळं.

आणि बारीक भानगडी किती! 101 रुपयांच्या मालावर 5 टक्के म्हणजे 5 रुपये 5 पैसे. त्याचे दोन समान भाग 2.525. प्रत्येक भाग पैशांत पूर्ण केला की 2.53, आणि दोन्हींची बेरीज 5.06. एका पैशाचा फरक, पण रोज दोनशे बिलं फाडणाऱ्याचा हिशेब महिन्याच्या शेवटी जुळत नाही आणि तो आपल्यालाच फोन करतो. असले प्रश्न आधी कुणाच्या यादीत नसतात. हातात घेतल्यावरच दिसतात.

तेव्हा जे केलं ते सांगण्यासाठी एवढं लिहिलं. मी एक प्रश्न धरून बसले होते: 1 जुलैच्या सकाळी व्यापाऱ्याचं काय अडेल? बिल अडेल. बिलाशिवाय गाडी गोडाऊनमधून हलत नाही. रिटर्न भरणं त्यानंतर आहे. म्हणून कागदावर दोन याद्या केल्या. पहिलीत बरोबर कर लावलेलं बिल, आणि कराचे दर कोडमध्ये न लिहिता वेगळ्या टेबलमध्ये, म्हणजे ते ग्राहकाला स्वतः बदलता येतील. दुसरीत बाकी सगळं, रिटर्नच्या फॉर्मांसकट. मालकांना ते आवडलं नव्हतं. त्यांना 'जीएसटीसाठी संपूर्ण तयार' असं सांगत गावभर फिरायचं होतं. मी दोन्ही याद्या तारीख घालून त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि म्हटलं, पहिली यादी 1 जुलैला नक्की, दुसरी ऑगस्टनंतर, आणि दोन्ही हव्या असतील तर पहिलीचीही खात्री मी देणार नाही. ते दोन दिवस बोलले नाहीत. मग मान्य केलं.

पुढे काय झालं बघ. 10 नोव्हेंबरला गुवाहाटीच्या बैठकीत पावणेदोनशेच्या वर वस्तू 28 टक्क्यांवरून 18 वर आणायचं ठरलं, लागू 15 नोव्हेंबरपासून. ज्यांनी दर कोडमध्येच लिहून ठेवले होते त्यांचे ते पाच दिवस कसे गेले असतील ते तूच ओळख. आमच्या ग्राहकांनी टेबलमधले आकडे बदलले आणि झालं. आणखी एक गोष्ट. व्यापाऱ्याच्या खरेदीचा तपशील ज्यात भरायचा तो रिटर्नचा फॉर्म जीएसटीआर-2, आणि त्याच्या पुढचा जीएसटीआर-3, हे दोन्ही त्याच बैठकीनंतर स्थगित झाले आणि पुन्हा सुरू झालेच नाहीत. आमच्या दुसऱ्या यादीतलं सगळ्यात किचकट काम ते होतं. जूनमध्ये पोरांना रात्र रात्र बसवून ते केलं असतं तर त्या रात्री कुणाच्याच उपयोगाला आल्या नसत्या.

आमची तारीख कायद्याने दिलेली होती, ती हलणारी नव्हती. तुझी तारीख कोणी दिली? हे मॅनेजरला विचार. चिडून नको, माहिती हवी म्हणून विचार: त्या दिवशी क्लायंटचं नेमकं काय सुरू होणार आहे? त्यांचंही एखादं सरकारी बंधन असेल. किंवा महिनाअखेर कुणाला ऐकायला बरी वाटली, एवढंच असेल. पहिलं असेल तर विचार, कोणता स्क्रीन त्या दिवशी चालू नसला तर त्यांचं काम थांबतं. दुसरं असेल तर तारखेवर बोलणी होऊ शकतात, पण ती आज. आदल्या दिवशी कुणी ऐकत नाही.

दुसऱ्या प्रोजेक्टमधून दोन मुलं तुमच्या मदतीला आणली आणि आता तुझा अर्धा दिवस त्यांना समजावण्यात जातो, असं म्हणालीस. हे जुनं दुखणं आहे. आयबीएममध्ये ओएस/360 या ऑपरेटिंग सिस्टिमचं प्रचंड काम ज्यांच्या हाताखाली झालं त्या फ्रेड ब्रूक्स यांनी 1975 मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरवर माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो. पाच माणसांत बोलण्याच्या दहा जोड्या होतात, दहा माणसांत पंचेचाळीस. त्या मुलांना तुझ्या कोडमध्ये आणू नकोस. टेस्ट डेटा बनवणं, जुने बग पुन्हा तपासणं असं बाजूचं, स्वतंत्र काम दे. त्यांनाही बरं वाटेल, तीही बिचारी अडकलेलीच आहेत.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. रिलीजच्या रात्री एकटीने काही करू नकोस. नाइट कॅपिटलची हकीगत तू ऐकली नसशील. अमेरिकेतली शेअरच्या सौद्यांची मोठी कंपनी. न्यूयॉर्कचा शेअर बाजार 1 ऑगस्ट 2012 ला एक नवी योजना सुरू करणार होता, तारीख बाहेरून आलेली. त्यासाठीचा नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. चढवणाऱ्याकडून एक सर्व्हर राहिला. दुसऱ्या कुणी तपासायचं अशी पद्धतच तिथे नव्हती. त्या आठव्या सर्व्हरवर कित्येक वर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता, आणि नव्या कामासाठी जो फ्लॅग, म्हणजे कोडमधली चालू-बंदची खूण, घेतला होता तोच पूर्वी त्या जुन्या कोडला जागा करायचा. बाजार उघडायच्या आधीच सिस्टिमकडून चूक झाल्याची सूचना देणारे 97 ईमेल आतल्या लोकांना गेले होते. कुणी त्यांच्याकडे इशारा म्हणून पाहिलं नाही. बाजार उघडला आणि तो एक सर्व्हर सौद्यांमागून सौदे करत सुटला. घाईघाईत उपाय म्हणून त्यांनी नीट चालणाऱ्या सात सर्व्हरवरूनच नवा कोड काढला. त्यामुळे तिथेही उरलेला जुना कोड सुरू झाला. 45 मिनिटांत 46 कोटी डॉलरहून जास्त बुडाले. पुढच्या वर्षी कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

ज्याच्या हातून तो सर्व्हर राहिला त्याचं मला फार वाईट वाटतं. त्याच्या शेजारी बसून आठ ओळी वाचणारा एक माणूस असता तर पुरलं असतं. म्हणून तू लेखी मागून घे: चढवताना दोघं हवेत, एकाने करायचं, दुसऱ्याने यादीवर खूण करायची. परत जुन्यावर कसं यायचं, ते आधी टेस्टिंग सर्व्हरवर एकदा करून बघा. आणि रात्री एकनंतर, डोळे मिटत असताना, प्रॉडक्शनला, म्हणजे क्लायंट वापरतो त्या चालू सिस्टिमला, हात लावायचा नाही. क्लायंट ओरडला तरी नाही. बंद पडलेलं सकाळी सुरू करता येतं, पण झोपेत पुसलेला डेटा परत आणताना आठवडे जातात.

मॅनेजरला आजच मेल लिही. लांबण लावू नकोस. महिनाअखेरीला या तीन गोष्टी पूर्ण तपासून होतील. पेमेंटचा नवा स्क्रीन त्यात बसत नाही, त्याला आणखी इतके दिवस लागतील. तो आत्ताच हवा असेल तर या तीनपैकी काय काढायचं ते कृपया कळवा. बस. माफी मागू नकोस, 'प्रयत्न करते' असंही लिहू नकोस, कारण त्याचा अर्थ समोरचा 'होईल' असाच लावतो. मेल कोरडी वाटली तर वाटू दे.

तरीही त्यांनी ऐकलं नाही, तर मेल राहील आणि तू रात्री अकराला लॅपटॉप बंद करशील. एवढं मला कबूल कर. नोकरीचं काय करायचं ते रिलीजनंतर बोलू, आता त्या विचारात शिरू नकोस.

बाबा शनिवारच्या गाडीने पुण्याला येतायत. बरोबर मेतकूट, लसणाची चटणी आणि दशम्या देते आहे, त्या दोन दिवस टिकतात. ते तुझ्या खोलीवर थांबणार नाहीत, काकांकडे उतरतील, त्यामुळे आवराआवर करत बसू नकोस. मेल पाठवायच्या आधी मला वाचून दाखवायची असेल तर साडेदहापर्यंत मी जागी असते.

तुझी,
आई