माळ उजाड नाही

महोदय,

पावसाळा आला की आमच्या सुपे परिसरातल्या माळावर वृक्षारोपणाचे खड्डे पडू लागतात. हेतू चांगला, जागा चुकीची. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. कमी पावसात घडलेली ती स्वतंत्र परिसंस्था आहे. पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांवर चिंकारा, ससे, धनगरांच्या मेंढ्या जगतात आणि त्यांच्यामागे लांडगाही. इथले मयूरेश्वर अभयारण्य तर चिंकाऱ्यासाठीच ओळखले जाते. या खड्ड्यांत लावलेल्या गिरिपुष्पाची (झपाट्याने वाढणारे परदेशी झाड) दाट सावली पडली की उन्हात वाढणारे गवत मरते, उघड्या माळावर राहणारा धाविक पक्षी जागा सोडतो. माळ सुधारायचाच असेल तर माळावर पसरणारी परदेशी वेडी बाभूळ काढा, चराई आळीपाळीने थांबवा, स्थानिक गवताचे बी पेरा. झाडे ओढ्याकाठी, शाळेच्या आवारात जरूर लावू. पाणी मी घालीन. मात्र यंदा माळावर कुदळ मारण्यापूर्वी इथल्या मेंढपाळांना एकदा विचारावे, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त भूगोल शिक्षक, सुपे (ता. बारामती)