एफडी मोडू नका, बाबा

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले की एफडी मोडतो, तू तुझ्या एसी बसवायच्या-दुरुस्तीच्या धंद्याला दुसरी गाडी घे, अजून चार माणसं ठेव आणि पलीकडच्या भागातलं काम पण धर, तेव्हा मी नुसतं "बघू" म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून चैन नाही मला. हे सगळं फोनवर नीट सांगता येणार नाही, मधेच कोणाचा तरी कॉल येतो नाहीतर माझाच गळा भरून येतो, म्हणून लिहून पाठवतेय. आई, तू बाबांना मोठ्याने वाचून दाखव.

एफडी मोडू नका. तुमचा माझ्यावर किती विश्वास आहे ते मला कळतंय, आणि म्हणूनच सांगतेय की माझ्या धंद्याला आत्ता पैसा कमी पडत नाहीये. कमी पडतेय ती कामाची घडी. उन्हाळ्यात फोन थांबत नाहीत, आम्ही कॉल नाकारतो, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की माणसं वाढवली की झालं, मलाही तसंच वाटलं होतं. गेल्या सीझनला मी एका महिन्यात तीन पोरं घेतली होती हे तुम्हाला माहिती आहे, पण पुढे काय झालं ते मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं.

एका आजींकडे नवीन स्प्लिट एसी बसवायचा होता. मी त्याच दिवशी दुसरीकडे अडकले होते म्हणून नवीन पोराला पाठवलं, हुशार आहे, हाताला वळण आहे. आता बसवताना काय असतं, कॉपरचे पाइप जोडून झाले की त्यातली हवा आणि ओल व्हॅक्युम पंपाने पूर्ण ओढून काढायची, गेजवर ५०० मायक्रॉनच्या (आत उरलेल्या दाबाचं माप) खाली आकडा आला आणि तिथेच थांबला की मगच गॅसचा वॉल्व्ह उघडायचा. याला वीस-तीस मिनिटं जातात, कधी जास्त पण. पोराला पुढचे दोन कॉल होते. त्याने पंप लावलाच नाही, थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलली आणि एसी चालू करून दिला. त्या दिवशी गार हवा आली, आजी खूश, पैसे मिळाले. पण आत राहिलेली ओल तेलात मिसळली की हळूहळू ॲसिड तयार होतं, आणि चार महिन्यांनी कॉम्प्रेसर गेला. मी स्वतः गेले, तो बदलून दिला, अर्थात आमच्याच खर्चाने. आजी काही ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आधीचा तू बसवला होतास ना, तो कधी बिघडला नाही." आई, त्या रात्री मी जेवले नव्हते, तू विचारलं होतंस आणि मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं होतं.

पोराची चूक होती, पण मोठी चूक माझी होती. व्हॅक्युम का करायचा हे मला माहिती होतं, ते माझ्या डोक्यात आणि हातात होतं, मी ते कुणाला लिहून दिलं नव्हतं आणि वर एका दिवसात त्याला सहा कॉल लावले होते. अशात अजून चार माणसं घेतली असती तर अशी अजून चार घरं झाली असती.

मग मी बसून एक कागद केला, एका पानाचा. बाबा, तुम्हाला विमानांची आवड आहे म्हणून सांगते, विमानातली चेकलिस्ट पण अशीच आली. १९३५ साली अमेरिकेत बोईंगचं मॉडेल २९९ नावाचं नवीन बॉम्बर चाचणीला उडालं आणि लगेच कोसळलं, कारण जमिनीवर उभं असताना शेपटीचे हलणारे भाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून जे लॉक लावतात ते काढायचं राहिलं होतं. चालवणारे मुरलेले वैमानिक होते. त्यानंतर जास्त हुशार वैमानिक शोधत बसण्यापेक्षा त्यांनी यादी केली, आणि पुढे त्याच विमानाची हजारोंनी निर्मिती झाली. आमच्या यादीत व्हॅक्युमच्या ओळीपुढे लिहिलंय, गेजचा फोटो ग्रुपवर टाकल्याशिवाय वॉल्व्ह उघडायचा नाही. ड्रेन पाइपमध्ये एक बाटली पाणी ओतून ते बाहेर पडतंय का ते बघायचं, हे पण आहे, कारण भिंतीवर पाणी उतरल्याच्या तक्रारी त्यावरूनच यायच्या. सुरुवातीला पोरं वैतागली, विश्वास नाही का आमच्यावर म्हणाली. मी माझ्या स्वतःच्या कामाचे फोटो पण टाकायला लागले तेव्हा कुरकुर थांबली. रिपीट कॉल, म्हणजे एकाच कामासाठी परत जावं लागणं, आता बरेच कमी झालेत. मला विचाराल तर धंद्यात सगळ्यात महाग गोष्ट हीच, दुसऱ्यांदा गेलेल्या माणसाचे पैसे कोणी देत नाही आणि नवीन कस्टमरचा वेळ पण जातो.

बाबा, तुम्ही आला होतात तेव्हा दुपारी दोन पोरं बसलेली बघून म्हणाला होतात की यांना काम नाही का. तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. कॉल ठरवून येत नाहीत, कोणतं काम अर्ध्या तासाचं निघेल आणि कोणतं तीन तासांचं ते पण आधी कळत नाही. अशा कामात माणूस ८० टक्के वेळ गुंतलेला असेल तर रांगेच्या गणिताच्या हिशोबाने सरासरी ४ कामं त्याच्याकडे अडकलेली असतात, आणि तोच ९५ टक्के गुंतला की ही संख्या १९ वर जाते. म्हणजे ८० टक्क्यांवरून ९५ वर नेलं की अडकलेली कामं जवळजवळ पाचपट. म्हणून ती दोन पोरं बसलेली बरी असतात, कुणा म्हाताऱ्या माणसाच्या घरून फोन आला तर त्याच दिवशी जाता येतं.

माणसं वाढली की बोलणं पण वाढतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही तिघं होतो तेव्हा जोड्या तीनच, आता सहा जण आहोत तर पंधरा, आणि बारा झालो तर सहासष्ट. कोणाला काय सांगितलं, चावी कोणाकडे, पंप कोणाच्या गाडीत, एवढ्यातच दिवस जातो. म्हणून सगळे कॉल आता एकच जण घेते, ती ऑफिसला बसते आणि रात्रीच दुसऱ्या दिवसाचं वाटप करते. तिला नेमलं तेव्हा आई म्हणाली होती की फोन उचलायला पगार कशाला. आई, ती आल्यापासून मी रात्री झोपते.

आणि पैशाचं खरं कारण. तुमची एफडी कुठे गेली असती ते मला डोळ्यांसमोर दिसतं. मोठ्या ऑफिसची कामं असतात ना, ती ऐकायला छान, एका जागी पन्नास मशिनं. पण बिल पास व्हायला साठ दिवस, कधी नव्वद, आणि पोरांचे पगार एक तारखेला. मधले दोन-तीन महिने पगार, गॅस, पार्ट सगळं आपण घालायचं. काम दुप्पट केलं की ही घातलेली रक्कम पण दुप्पट होते, वहीत फायदा दिसतो आणि बँकेत काही नसतं. असं एक ऑफिस माझ्या निम्म्या कामाचं झालं होतं. त्यांचं बिल अडकलं तेव्हा मी माझ्या बांगड्या ठेवून पगार केले होते, हे आज पहिल्यांदा लिहितेय, रागावू नका, त्या सोडवल्या आहेत. आता मी मोठं काम अर्धा ॲडव्हान्स मिळाल्याशिवाय घेत नाही आणि कोणालाच एकूण कामाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त होऊ देत नाही. ते ऑफिस गेलं. जाऊ दे.

त्याऐवजी एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचे करार, वाढवतेय, वर्षाचे पैसे आधी मिळतात आणि सर्व्हिस थंडीत पण करता येते, त्यामुळे पोरांना बारा महिने काम राहतं. पण ते पैसे आले म्हणजे आपले झाले असं नसतं, वर्षभराच्या कामाचं ते आपल्यावरचं देणं आहे, म्हणून वेगळ्या खात्यात ठेवते आणि दर महिन्याला बारावा हिस्साच काढते. बाबा, तुम्ही पगाराची पाकिटं करून ठेवायचात ना घरखर्चाची, तेच करतेय मी.

तुम्ही विचारलंत की स्वतः कामाला जात नाहीस का. मंगळवारी जाते आणि रिपीट कॉल आला की जातेच. बाकी दिवस शिकवते. पाना हातात घ्यायचा सोडणं मला फार जड गेलं, अजूनही कोणी चुकीचा फ्लेअर (जोडासाठी पाइपचं तोंड पसरवणं) करताना दिसलं की हात पुढे जातो. आता हात मागे ठेवून त्याला विचारते, परत करून दाखव.

दुसऱ्या गाडीचं मी ठरवलंय असं. थंडीत आठ दिवस तुमच्याकडे येणार, फोन ऑफिसातच ठेवून. आठ दिवसांत माझ्यावाचून काही अडलं नाही तर गाडी घेईन, साठलेल्या पैशातून. अडलं तर काय अडलं ते लिहून काढेन आणि अजून एक वर्ष थांबेन. एफडीची तारीख पुढच्या महिन्यात आहे, ती रिन्यू करा आणि नॉमिनी म्हणून आईचं नाव आहे का ते बँकेत विचारा.

तुमच्या खोलीतला एसी मागच्या वेळी घरघर करत होता, तो मी आल्यावर स्वतः खोलणार आहे. बाबा, तोवर स्टुलावर चढून त्याला हात लावू नका.

तुमची,
ताई