आई, कर्ज नाही, जुनं बिल होतं

प्लेनो, टेक्सास
१४ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. मंजिरीच्या मैत्रिणीचे आईवडील सहा महिने राहून पुण्याला परत निघालेत, त्यांच्या हाती हे देतोय. परवा व्हिडिओ कॉलवर आई, तू विचारलंस, "तुझ्यावर दवाखान्याचं कर्ज झालंय का रे?" तेव्हा मागे दादा, वहिनी, शेजारच्या काकू सगळेच होते. मी "काही नाही गं" म्हणून विषय बदलला. तुझा उतरलेला चेहरा दिसला मला. तेव्हापासून मला चैन नाही.

आधी एवढं वाच: माझ्यावर कर्ज नाही. एक जुनं बिल राहिलं होतं, १,२८६ डॉलरचं. ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात भरून टाकलं, पावती फाइलला लावली आहे. आणि माझी तब्येत उत्तम आहे, खरंच.

आता जे साडेचार वर्षं सांगितलं नाही ते सांगतो. मे २०२१ मध्ये बाबा दवाखान्यात होते तेव्हाची गोष्ट. दादा दर दोन तासांनी बाबांच्या ऑक्सिजनचा आकडा पाठवायचा. त्यातल्याच एका रात्री माझ्या पाठीतून अशी कळ आली की मी बाथरूमच्या फरशीवरच आडवा झालो. मंजिरीने गाडी काढली आणि इमर्जन्सीत नेलं. मूतखडा होता. हाताला पट्टा बांधलेला, सलाईन लावलेलं, नर्स विचारत होती की एक ते दहामध्ये दुखणं किती, आणि माझं लक्ष फोनकडे. ८८ आला, मग ९०, मग पहाटे परत ८७. तुला काय सांगणार होतो मी? एका खाटेवर बाबा, दुसऱ्या खाटेवर मुलगा, आणि मधे तू. खडा दोन दिवसांनी पडून गेला. बाबा एकवीस दिवसांनी घरी आले. त्यानंतर सांगण्यासारखं काही उरलंय असं वाटलंच नाही.

बिल कसं राहिलं ते नीट समजावतो, कारण बाबा विचारणारच, "बिल आलं तर भरलं का नाही?" इथे इमर्जन्सीतून निघताना बहुतेक वेळा पूर्ण बिल कोणी मागत नाही. माणूस तसाच घरी येतो. मग महिन्याभराने विमा कंपनीचं एक जाड पाकीट येतं. त्यात सगळा हिशेब असतो, दवाखान्याने किती लावले, त्यातून किती कमी केले, विमा किती देणार, तुमच्या वाटणीला किती. आणि वर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, "हे बिल नाही". बिलासारखं दिसतं, आकडे बिलाचे, पण बिल नाही. खरं बिल नंतर येतं, आणि तेही एक नाही. इमारतीचं, खाटेचं, औषधांचं दवाखाना पाठवतो. तपासणाऱ्या डॉक्टरचं वेगळं, कारण तो डॉक्टर बहुतेक वेळा दवाखान्याचा नोकर नसतो, त्याची कंपनी वेगळी. स्कॅन वाचणारा तिसराच, त्याला आपण बघितलेलंही नसतं, पण त्याचंही बिल येतं. तीन पाकिटं तीन गावांहून, तीन वेगळ्या महिन्यांत. मी दवाखान्याचं भरलं, स्कॅनवाल्याचं भरलं आणि समजलो संपलं. डॉक्टरचं पाकीट गेलं आयर्विंगच्या जुन्या घरी. आम्ही जुलैमध्ये इकडे राहायला आलो होतो, आणि पोस्टात पत्ता बदलल्याची नोंद करायची राहून गेली. चूक माझी आहे, ते मान्य.

पैसे आले नाहीत तसं त्या डॉक्टरच्या कंपनीने ते वसुलीवाल्यांकडे दिलं. वसुलीवाल्यांची पत्रंही जुन्याच पत्त्यावर गेली. आता त्या घरात आपला आतेभाऊ राहतो. त्याने एक फोडलं, माझं नाव आणि रक्कम बघून घाबरला आणि आत्याला सांगितलं. त्याच्यावर राग नाही माझा, त्याला काळजीच वाटली. पण आत्याने ते भाऊबीजेला ओवाळायला आल्यावर बाबांसमोर काढायला नको होतं. निदान आधी मला एक फोन करायचा.

मला याचं जास्त लागतं कारण इथे आजाराची गोष्ट फार जपतात. १९९६ चा हिपा नावाचा कायदा आहे. मंजिरीने माझ्यासाठी त्या डॉक्टरच्या ऑफिसला फोन केला, तर बाई म्हणाल्या, तुमचे मिस्टर आमच्याकडे कधी आले होते की नाही हेही मी सांगू शकत नाही, त्यांना स्वतः बोलू द्या. बायकोला नाही सांगत! पण वसुलीसाठी लागेल तेवढी माहिती वसुलीवाल्याला देता येते, त्याला कायद्याची मुभा आहे. वसुलीवाल्यानेही तिसऱ्या माणसाला उधारीबद्दल सांगायचं नाही, असा १९७७ पासूनचा कायदा आहे. त्यांनी सांगितलंही नाही. एका पाकिटातून ते कराडपर्यंत पोचलं, आणि माझं दुखणं तुला माझ्या तोंडून कळायच्या आधी आत्याच्या तोंडून कळलं.

मंजिरीच्या धंद्याचं आता. ती तासावर भाड्याने घेतलेल्या किचनमध्ये पुरणपोळ्या, भाकऱ्या आणि डबे करते, ते तुला माहीतच आहे. ऑगस्टमध्ये एक गाळा मिळत होता. ९०० चौरस फूट, आधी तिथे खाणावळच होती, त्यामुळे धूर ओढणारी मोठी चिमणी बसवलेली. ती नव्याने बसवायची तर खर्च आपल्याला झेपणारा नाही. मंजिरी दोनदा जाऊन भट्टी कुठे, ओटा कुठे ते मोजून आली होती, कागदावर आखून ठेवलं होतं. गाळामालकाने जामीनदार मागितला, मी सही केली, त्याने माझी पत तपासली. आपल्याकडे सिबिल असतं तसंच. ७६० च्या पुढे असायचा तो आकडा ६४० वर आलेला. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की असं काही बिल आहे.

मी वसुलीवाल्याकडे लेखी पुरावा मागितला, तो यायला महिना गेला. पैसे भरले की अशी नोंद पूर्ण पुसतात, पत नोंदवणाऱ्या कंपन्यांचा २०२२ पासून तसा नियम आहे, आणि ५०० डॉलरच्या आतली तर २०२३ पासून दाखवतच नाहीत. माझं त्याहून मोठं होतं. दवाखान्याची उधारी कोणाचीच पत मोजताना धरायची नाही, असा नियम सरकारने जानेवारीत काढला होता, दीड कोटी लोकांच्या नोंदी पुसल्या जाणार होत्या. जुलैमध्ये आमच्या टेक्सासमधल्याच कोर्टाने तो रद्द केला. म्हणजे आपला मुलगा एकटा नाही गं, इथे धड कमावणाऱ्या माणसांच्याही मागे हे लागतं. नोंद गेल्या आठवड्यात पुसली गेली. पण गाळामालक थोडाच थांबणार? सप्टेंबरमध्येच त्याने दुसऱ्याला दिला. दिवाळीला एका कंपनीची फराळाच्या अडीचशे डब्यांची ऑर्डर येत होती, त्यांना स्वतःचं किचन असलेलं दुकान हवं होतं. तीही गेली. मंजिरी मला एका शब्दाने बोलली नाही. तो आखलेला कागद मात्र फ्रिजवर अजून तसाच आहे, तिने काढला नाही आणि मलाही काढवत नाही.

टीव्हीवर कामाच्या (एच-१बी) व्हिसाला लाख डॉलर फी लावल्याचं बघून तू रात्री झोपत नाहीस असं दादा म्हणाला. ती फी सप्टेंबरनंतरच्या नव्या अर्जांना आहे, माझा व्हिसा जुना आहे. उगाच बातम्या बघू नकोस. जेवण वेळेवर होतं, पाणी भरपूर पितो, खडा परत झालेला नाही, मागच्या महिन्यातच तपासून घेतलं. आणि तुम्हीही माझ्यापासून लपवत जाऊ नका. बाबांचा ऑक्सिजन एका रात्री ८१ वर गेला होता, हे दादाने मला जूनमध्ये सांगितलं.

प्राजूच्या लग्नाचं. हॉलचे तीन लाख मी देणार म्हणालो होतो. ते बिल रुपयांत लाखाच्या वर गेलं, शिवाय मंजिरीच्या दोन महिन्यांच्या ऑर्डरी कमी झाल्या. म्हणून सोमवारी दीड लाख पाठवतोय. उरलेले जानेवारी अखेरपर्यंत नक्की. बाबा, हॉलवाल्याला तेवढं थांबायला सांगा, पण एफडी मोडू नका, माझ्यासाठी तेवढं करा. फेब्रुवारीचं तिकीट माझं एकट्याचं काढलंय. मंजिरीचं या वेळी जमत नाही. प्राजूला मीच फोन करून सांगणार आहे, तू आधी सांगू नकोस. पुरणपोळ्या मी घेऊन येईन, ती चिठ्ठी लावून देणार आहे.

सोबत बदाम, बाबांचा गुडघ्याचा पट्टा आणि प्राजूचं घड्याळ आहे. निळ्या पाकिटातल्या गोळ्या तुझ्या, रात्री जेवणानंतर एक. आत्याला माझा नमस्कार सांग, मूतखड्याचं सांगितलंस तरी चालेल. गाळ्याचं नको.

तुमचा,
बाळू